मुलगी कराडला निघाली, ग्रीन कार्डाचं काय?

पत्र

ताई, नमस्कार. आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. ह्यांच्या नोकरीवरून केलेलं आमचं ग्रीन कार्ड बारा वर्षं रांगेत थांबल्यावर तीन वर्षांपूर्वी हातात आलं. चौघांचेही पासपोर्ट अजून भारताचेच आहेत. मुलीला नुकतीच अठरा वर्षं पूर्ण झाली. तिने 'नीट' ही मेडिकलची प्रवेशपरीक्षा दिली आणि एनआरआय कोट्यातून तिला कराडला एमबीबीएसची जागा मिळाली. साताऱ्याला माझी आई आहे, त्यामुळे तिकडची काळजी नाही. काळजी आहे ती कार्डाची. मंडळातल्या एक काकू म्हणतात, सहा महिन्यांतून एकदा येऊन जायचं, काही होत नाही. दीर म्हणतात, रीएन्ट्री परमिट काढा, तिकडून अर्ज करता येतो. हे म्हणतात, परमिट यायलाच वर्ष लागतं, मग त्याचा उपयोग काय? तिकीट तीन आठवड्यांनंतरचं आहे. धाकटा तेरा वर्षांचा, तो इथेच असणार. पोर साडेपाच वर्षांनी डॉक्टर होऊन आली आणि कार्ड गेलेलं असलं, तर तिला तोंड कसं दाखवू?

– एक आई

उत्तर

तुमच्याकडे तीनच आठवडे आहेत, म्हणून आधी कामाचं सांगते. अर्ज याच आठवड्यात घाला. तिकडे पोचल्यावर नको, दिवाळीत बघू नको, आत्ताच.

दिरांनी चांगल्या मनाने सांगितलं असेल, पण ते खरं नाही. रीएन्ट्री परमिट म्हणजे ग्रीन कार्डवाल्याला जास्त काळ बाहेर राहून परत यायचा परवाना. त्याचा अर्ज, म्हणजे यूएससीआयएस या अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याचा आय-१३१ हा फॉर्म, भारतात बसून करता येत नाही. अर्ज दाखल होताना अर्जदार स्वतः अमेरिकेत हजर असावा लागतो. त्यामुळे अर्ज त्यांच्या हाती पडेल त्या दिवशी मुलगी एडिसनला असायला हवी. टपालात टाकून दुसऱ्या दिवशी विमानात बसली, असं होऊ देऊ नका. अर्ज पोचल्याची नोंद मिळाली की तो कागद आणि तिच्या विमानाचा बोर्डिंग पास एकाच फाईलमध्ये ठेवा. ती कधी इथे होती हे उद्या कुणी विचारलं तर दोन कागदांत उत्तर मिळतं.

फी २०२४च्या एप्रिलपासून ६३० डॉलर आहे, पण पाठवण्याच्या दिवशी यूएससीआयएसच्या साईटवर फी, फॉर्मची आवृत्ती, पाठवायचा पत्ता आणि पैसे भरण्याची पद्धत पुन्हा बघून घ्या. जुन्या आवृत्तीचा फॉर्म परत येतो, आणि तुम्हाला आता एक आठवडाही वाया घालवता येणार नाही. सोबत ग्रीन कार्डाच्या दोन्ही बाजूंची प्रत लावा. प्रवासाचं कारण विचारलेलं असतं तिथे "वैद्यकीय शिक्षण" असं स्वच्छ लिहा आणि कॉलेजच्या प्रवेशपत्राची प्रत जोडा. ते सक्तीचं नाही, पण जाण्याचं कारण आणि शिक्षण कधी संपणार हे दोन्ही त्या एका कागदावर दिसतं. ते का महत्त्वाचं, ते पुढे येईलच.

अर्जानंतर येतात बायोमेट्रिक्स, म्हणजे बोटांचे ठसे आणि फोटो. चौदा ते एकोणऐंशी वयाच्या प्रत्येक अर्जदाराला ते द्यावे लागतात आणि तेही अमेरिकेतल्याच केंद्रात. त्याची तारीख टपालाने येते. कधी कधी आधी दिलेले ठसेच पुन्हा वापरल्याची नोटीस येते आणि जायची वेळ येत नाही, पण त्या भरवशावर राहू नका.

इथे माझीच गोष्ट सांगते. आम्हाला इथे येऊन फार वर्षं झाली नव्हती. सांगलीला सासऱ्यांना अर्धांगाचा झटका आला. मी घाईघाईने अर्ज पाठवला आणि आठवड्याभरात निघाले. बायोमेट्रिक्सचं पत्र घरच्या पत्त्यावर आलं, तेव्हा माझे यजमान कामासाठी बाहेरगावी होते. टपालपेटी तीन आठवडे कुणी उघडलीच नाही. तारीख उलटली, मी हजर झाले नाही म्हणून अर्ज सोडून दिला असं धरलं गेलं आणि फी गेली ती गेलीच. मग वर्ष पूर्ण व्हायच्या आत परत येणं भाग होतं. अकराव्या महिन्यात मी सांगली सोडली तेव्हा सासरे अंथरुणालाच होते. पुढच्या तीन महिन्यांत ते गेले. कागद वेळेवर झाला असता तर मी तिथे असते. म्हणून हा मजकूर मी एवढ्या कळकळीने लिहिते आहे.

तर तीन आठवड्यांत काय होईल? अर्ज सोमवारी पोचला तरी ठशांची तारीख निघण्याआधी मिळेलच असं नाही. अर्ज प्रवासाच्या निदान साठ दिवस आधी करा, असं त्यांच्याच सूचनांमध्ये आहे. ठसे देण्याआधी देश सोडला तर अर्ज नामंजूर होऊ शकतो. हे सगळं खरं असलं तरी अर्ज आत्ताच घाला असं मी म्हणते. तारीख विमानाच्या आधीची आली तर प्रश्नच मिटला. विमानानंतर थोड्याच दिवसांची आली तर तिकीट चार-सहा दिवस पुढे ढकलता येतं का, हे आजच विमान कंपनीला विचारून ठेवा. आणि ती गेल्यानंतरची तारीख आली, तर त्या वेळेच्या आधीच, सबळ कारण देऊन, तारीख बदलून मागा आणि नव्या तारखेला तिला इथे आणा. त्यासाठी एका जादा फेरीचे पैसे आत्ताच बाजूला काढून ठेवा. एमबीबीएसला थिअरीला ७५ आणि प्रॅक्टिकलला ८० टक्के हजेरी लागते, त्यामुळे मधल्या आठवड्यात उडी मारून येणं सोपं नाही. पहिल्या वर्षाचं वेळापत्रक मिळालं की सुट्ट्यांवर खूण करा आणि बदलून मागायची तारीख त्या सुट्टीत बसवायचा प्रयत्न करा.

यातूनही अर्ज नामंजूर झाला तर आभाळ कोसळत नाही. पहिल्या सुट्टीत ती येईल, तेव्हा पुन्हा अर्ज घालायचा. पैसे जातील, कार्ड जाणार नाही. कारण पहिल्या वर्षात तिला परमिट लागतच नाही.

हे तुमच्या यजमानांच्या प्रश्नाचं उत्तर आहे. बाहेर राहणं एक वर्षाच्या आतलं असेल तर परत येताना ग्रीन कार्डच पुरतं. सलग एक वर्ष किंवा जास्त काळ बाहेर राहिलं, की नुसतं कार्ड दाखवून आत येता येत नाही. तेव्हा परमिट लागतं. त्यामुळे परमिट यायला दहा महिने लागोत की त्याहून जास्त, मधल्या काळात तिने एकच पाळायचं, वर्ष पूर्ण व्हायच्या आत एक फेरी मारायची. परमिटची दोन वर्षं धरली जातात ती ते जारी झाल्याच्या तारखेपासून, निघाल्याच्या तारखेपासून नाही. म्हणजे उशिरा आलेलं परमिट उशिरापर्यंत चालतं. ते एका छोट्या, पासपोर्टसारख्या पुस्तिकेच्या रूपात येतं. ते घरच्या पत्त्यावर मागवता येतं, नाहीतर अर्जातच परदेशातला अमेरिकन दूतावास किंवा वकिलात, म्हणजे तुमच्यासाठी मुंबई, असं निवडता येतं. मी घरचा पत्ताच द्या म्हणेन. पुढे तुमच्यापैकी कुणी जाताना नेईल किंवा खात्रीच्या कुरियरने जाईल. कराडहून मुंबईला बीकेसीत जाऊन ते घेणं म्हणजे तिचा आणखी एक दिवस मोडणं.

आता काकूंचं म्हणणं. आपल्या मंडळांत, देवळांत, ढोल-ताशाच्या सरावात हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलं आहे: सहा महिन्यांतून एकदा येऊन जायचं. त्यात अर्धं सत्य आहे, म्हणूनच ते घातक आहे. १८० दिवसांपेक्षा जास्त सलग बाहेर राहून परतलं तर कायद्याच्या नजरेत तो माणूस जणू नव्याने प्रवेश मागत असतो आणि प्रश्न अधिक होतात, हे खरं. पण १८० दिवसांच्या आत आलं म्हणजे कार्ड सुरक्षित, हे खरं नाही. इमिग्रेशन अपील बोर्डाचा १९७५चा एक निकाल आहे. त्यातली बाई वर्षाचे अकरा महिने तिच्या मायदेशी, जमैकाला राहायची, तिथे स्वतःचं लॉजिंग चालवायची आणि दर वर्षी महिनाभर अमेरिकेला यायची. ती नेमाने येत होती, तरीही बोर्डाने तिचं घर जमैकालाच आहे असं म्हटलं. १९८८च्या दुसऱ्या एका निकालात नवऱ्याच्या शिक्षण-नोकरीपायी जपानमध्ये राहिलेल्या कुटुंबातल्या बाईचा निवास सुटला असं ठरलं. परत यायची इच्छा असणं पुरेसं नाही, परदेशातला मुक्काम तात्पुरता आहे हे दिसलं पाहिजे, असं तिथे सांगितलं गेलं.

दोन्ही निकालांत हवाई तिकिटं मोजून निर्णय झालेला नाही. बोर्डाने जे पाहिलं ते एवढंच: माणूस कशासाठी गेला, ते काम कधी संपणार हे सांगता येतं का, आणि त्याचं घर, माणसं, व्यवहार कुठे आहेत. (पुण्याला अकरा महिने राहून उन्हाळ्यात नातवंडांकडे महिनाभर येणारे आजी-आजोबा आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यांच्या मुलांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा.)

तुमच्या मुलीची बाजू इथे भक्कम आहे. ती शिकायला जाते आहे. साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम आणि वर्षाची इंटर्नशिप, पुढे काही उरत नाही. आई-वडील, भाऊ, घर सगळं एडिसनला. हे जसं आहे तसं कागदावर उतरलं पाहिजे. वैध परमिट जवळ असताना निव्वळ जास्त दिवस बाहेर राहिली एवढ्याच कारणावरून तिने निवास सोडला असं मानता येत नाही, असं नियमातच आहे. परमिटचं खरं मोल हेच. पण "एवढ्याच कारणावरून" या शब्दांकडे लक्ष द्या. तिने तिकडे कायमची नोकरी धरली, इथला कर भरताना स्वतःला अनिवासी म्हणून दाखवलं, इथलं सगळं आवरून टाकलं, तर नुसती पुस्तिका तिला तारणार नाही.

म्हणून इथलं काय चालू ठेवायचं ते सांगते. बँकेचं खातं, न्यू जर्सीचं ड्रायव्हिंग लायसन्स, तुमच्याच पत्त्यावर येणारं तिचं टपाल. घर बदललंत तर दहा दिवसांच्या आत तिचाही नवा पत्ता यूएससीआयएसला कळवा. त्यांची पत्रं जुन्या पत्त्यावरून आपोआप तुमच्या मागे येतील असं धरू नका. तिचे वडील कर भरताना तिला अवलंबून असलेली मुलगी म्हणून दाखवत असतील आणि अटी बसत असतील, तर ते तसंच राहू दे. शिक्षणासाठी घराबाहेर राहणं आयआरएस, म्हणजे इथलं कर खातं, तात्पुरती गैरहजेरी धरतं.

कराचा मुद्दा इथे थोडा जास्त लिहिते, कारण लोक इथेच घसरतात. परमनंट रेसिडेंट, म्हणजे ग्रीन कार्डवाला, जगात कुठेही राहिला तरी त्याला जगभरचं उत्पन्न अमेरिकेला सांगावं लागतं. मुलीने तिकडे इंटर्नशिपचं मानधन घेतलं तर ते धरून रिटर्न भरायचा की नाही ते दर वर्षी तपासा, आणि भरायचा तर रहिवाशाचाच, १०४०. अनिवासींचा फॉर्म, १०४०एनआर, चुकूनही नको. आय-१३१मध्येच प्रश्न आहे की तुम्ही कधी अनिवासी म्हणून रिटर्न भरलाय का, किंवा स्वतःला अनिवासी समजून भरायचा राहिलाय का. तिथे "हो" लिहावं लागणं म्हणजे स्वतःच्या हाताने निवास सोडल्याचा पुरावा देणं. आणि फीचे पैसे तिच्या कराडच्या खात्यात टाकून तिथून भरू नका. परदेशातल्या सगळ्या खात्यांची बेरीज वर्षात एक दिवस जरी दहा हजार डॉलरच्या वर गेली तरी तिला एफबार, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती देणारा फॉर्म, भरावा लागतो आणि एनआरआय कोट्याची फी हा आकडा सहज ओलांडते. फी तुमच्या खात्यातून थेट कॉलेजला पाठवा. तिच्या खात्यात मेस, पुस्तकं, एसटीचं भाडं एवढेच पैसे ठेवा.

आता साडेपाच वर्षांचं गणित मांडू. परमिट वाढवून मिळत नाही, दर वेळी नवा अर्ज, नवी फी, नवे ठसे, आणि प्रत्येक वेळी तिने इथे असणं. जुनं परमिट अजून वैध असेल तर ते नव्या अर्जाबरोबर परत द्यावं लागतं. पहिलं दोन वर्षांचं, दुसरं दोन वर्षांचं. तिसऱ्याच्या वेळी एक नियम आडवा येतो: गेल्या पाच वर्षांत मिळून चार वर्षांपेक्षा जास्त काळ बाहेर काढलेला असेल तर नवं परमिट एकाच वर्षाचं मिळतं. इथे सुट्टीतले दिवस कामाला येतात. साडेचार वर्षांत तिने मिळून सहा महिने एडिसनला काढले तर ती बरोबर त्या चार वर्षांच्या काठावर असेल. सात महिने काढले तर अलीकडे. त्यामुळे पहिल्या दिवसापासून एका वहीत तारखा लिहायला सांगा: कधी निघाली, कधी उतरली. फॉर्म हेच विचारतो आणि पाच वर्षांनी कुणालाच आठवत नाही. आणि एका वर्षाचं मिळालं तरी घाबरायचं कारण नाही, तिची इंटर्नशिपही एकाच वर्षाची आहे.

या साऱ्या खटाटोपाला एक मोठं कारण आहे, ते तुमच्या पत्रात आलेलं नाही. भारतात एमबीबीएस करून इथे रेसिडेन्सी, म्हणजे हॉस्पिटलमधलं पुढचं प्रशिक्षण, करायला येणाऱ्या बहुतेक डॉक्टरांना जे-१ किंवा एच-१बी व्हिसा लागतो. जे-१वर आलेल्यांना नंतर दोन वर्षं मायदेशी परतण्याची अट असते, ती माफ करून घ्यायला वेगळी धडपड करावी लागते. ग्रीन कार्ड टिकवलेल्या तुमच्या मुलीला यातलं काहीच करावं लागणार नाही. इसीएफएमजीचं, म्हणजे परदेशात शिकलेल्या डॉक्टरांना इथे लागणारं, प्रमाणपत्र आणि यूएसएमएलई ही इथली डॉक्टरकीची परीक्षा तिलाही लागतीलच, पण व्हिसाचा डोंगर तिच्यासमोर नसेल. शिकत असतानाच ती यूएसएमएलईच्या तयारीला लागली तर परत यायचा तिचा इरादा त्यातून आपोआप दिसेल. त्या नोंदणीचे, परीक्षेचे कागद त्याच फाईलमध्ये घाला.

सिटिझनशिपबद्दल मात्र मी तुम्हाला गोड बोलून फसवणार नाही. परमिट कार्ड वाचवतं, सिटिझनशिपचं घड्याळ वाचवत नाही. नागरिकत्वासाठी पाच वर्षं सलग निवास आणि त्यातले निदान तीस महिने प्रत्यक्ष इथे असणं लागतं. सलग सहा महिने ते वर्ष बाहेर राहिलं तर निवास तुटला असं गृहीत धरतात आणि तसं नाही हे आपण पटवून द्यायचं असतं. सलग वर्ष बाहेर राहिलं तर तो तुटतोच, मग परमिट हातात असो वा नसो. काही ठरावीक नोकऱ्यांसाठी यातून सूट मागता येते, विद्यार्थ्यांना नाही. तसा खंड पडला तर परतल्यावर चार वर्षं आणि एक दिवस गेला की पुन्हा अर्ज करता येतो. आणि दर वेळी सहा महिन्यांच्या आत येत राहिली तरी तीस महिन्यांचा हिशेब तिला शिकता शिकता जुळवता येणार नाही. म्हणजे तिची सिटिझनशिप अठ्ठाविशीच्या आसपास. ती तोवर रेसिडेन्सीत असेल. मला यात फार मोठं नुकसान दिसत नाही, पण हे आत्ताच माहीत असलेलं बरं.

ज्यांच्या ग्रीन कार्डाला पाच वर्षं होत आली आहेत आणि मुलं अशीच परदेशी शिकायला निघाली आहेत, त्यांनी मात्र आधी सिटिझनशिपचा विचार करावा. पाच वर्षं पूर्ण व्हायच्या नव्वद दिवस आधी अर्ज घालता येतो. नागरिक झालेल्याला रीएन्ट्री परमिट लागतच नाही.

आणि तुमच्या धाकट्याबद्दल, जे तुम्ही विचारलेलं नाही. तो तेरा वर्षांचा आहे. तुमची पाच वर्षं दोन वर्षांनी पूर्ण होतील, तेव्हा तो पंधराचा असेल. तुम्हा दोघांपैकी एकजण जरी तो अठराचा व्हायच्या आत नागरिक झाला आणि तो तुमच्याजवळ, इथे राहत असला, तर तोही आपोआप नागरिक होतो. तुमची तारीख वहीत लिहून ठेवा आणि ती टाळू नका. मुलीच्या बाबतीत हे दार वयाने बंद झालं आहे, त्याच्या बाबतीत उघडं आहे.

विमानतळाचं थोडक्यात. परतताना ग्रीन कार्ड, परमिट, कॉलेजचं बोनाफाइड आणि परतीचं तिकीट हातातल्या बॅगेत, चेक-इनमध्ये नाही. अबू धाबीमार्गे आली तर अमेरिकन तपासणी तिथेच होते, इथे उतरल्यावर नाही. अधिकाऱ्याने विचारलं तर सरळ उत्तर: शिकते आहे, अमुक साली संपेल, घर एडिसनला. आणि एक गोष्ट तिला नीट बजावून सांगा. कधी कुणी आय-४०७ हा फॉर्म पुढे केला तर त्यावर सही करायची नाही. तो स्वेच्छेने निवास सोडल्याचा कागद आहे, सही करायची सक्ती कुणी करू शकत नाही. आपलं म्हणणं इमिग्रेशन न्यायाधीशापुढे मांडायचं आहे असं शांतपणे सांगायचं. निवास सोडलाय हे तिथे सरकारला सिद्ध करावं लागतं. तुमच्या मुलीवर ही वेळ येईल असं मला वाटत नाही, पण पोर दमून, घाबरून, रात्रीच्या विमानातून उतरलेली असते आणि पुढे आलेल्या कागदावर सही करून टाकते.

२०२० साली मार्चअखेर भारतातून विमानं बंद झाली, तेव्हा कितीतरी ग्रीन कार्डवाले सांगली-साताऱ्यात अडकून वर्षाच्या सीमेकडे ढकलले गेले. परमिट असलेले निवांत होते. बाकीच्यांपुढे, वर्ष उलटलं तर, रिटर्निंग रेसिडेंट व्हिसाचा एकच रस्ता उरतो. त्यासाठी आपल्या हाताबाहेरच्या कारणाने अडकलो हे वकिलातीत सिद्ध करावं लागतं आणि तो सहजी मिळत नाही. "अभ्यास होता" हे कारण तिथे टिकणार नाही.

मी वकील नाही. अर्ज पाठवण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाशी तासभर बोला. तुमच्या कार्डाच्या कागदांत एखादी वेगळी गोष्ट असेल, तर ती त्यांनाच दिसेल.

आता शनिवारी काय करायचं ते सांगते. जेवणाच्या टेबलावर फॉर्म मांडा आणि तो मुलीलाच भरू द्या. ती अठराची आहे, सही तिचीच लागते. गेल्या तीन वर्षांत भारतात किती दिवस राहिली ते तिला तिच्या पासपोर्टवरून मोजू दे. प्रवासाचं कारण तिच्या शब्दांत लिहू दे. त्याच वेळी तिला विचारा की तिला शिकून इथे परत यायचं आहे ना. तुम्ही बारा वर्षं रांगेत उभ्या राहिलात म्हणून नव्हे, तिला स्वतःला यायचं आहे ना. तिने "माहीत नाही" म्हटलं तर रागावू नका. अठराव्या वर्षी ते खरंच माहीत नसतं, आणि परमिट म्हणजे तिला ते ठरवायला मिळालेला वेळ आहे. पण ती "हो" म्हणाली, तर पुढचं सगळं तिने स्वतः सांभाळायचं आहे, तारखांची वहीसुद्धा.

आणि ती निघायच्या आदल्या दिवशी, लोणच्याच्या बरण्या आणि स्टेथोस्कोप बांधून झाल्यावर, टपालपेटीची किल्ली कुणाकडे राहणार आणि पेटी रोज कोण उघडणार, हे घरातल्या सगळ्यांसमोर ठरवा. तेरा वर्षांचा मुलगा हे काम उत्तम करतो.